आयलीनच्या आजीचं पातेलं

संग्रहालयात शिरणारा माणूस सगळ्यांत आधी काय विचारतो, हे मी झोपेतही सांगू शकेन. टॉयलेट कुठे आहे? दुसरा प्रश्न, चहा मिळेल का? तिसरा प्रश्न मात्र खास माझ्यासाठी राखून ठेवलेला असायचा: "तू मूळची कुठली?"

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या एका छोट्या गावात 'पायोनियर म्युझियम' होतं. जहाजानं आलेल्या पहिल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचं संग्रहालय. दोन हजारच्या दशकातली माझी बरीचशी वर्षं तिथल्या काउंटरमागे गेली. आपल्याच खापरपणजोबांची कुदळ आपल्याला समजावून सांगायला पुण्याच्या कर्वेनगरातली बाई बसलेली पाहून लोक आधी माझ्याकडे बघत, मग कुदळीकडे बघत. काही जणांना मीही प्रदर्शनातलीच एक वस्तू वाटत असणार. गावाचं नाव मी लिहीत नाही. गाव एवढंसं आहे, की नाव लिहिलं तर सगळी माणसं ओळखू येतील.

इमारत मात्र गावाच्या मानानं फारच ऐटबाज. लाल विटांची, पांढऱ्या दगडी कमानींची सरकारी कचेरी. एके काळी खाली टपाल खातं आणि जमीन खातं, माडीवर न्यायाधीशाचं कोर्ट आणि मागच्या अंगाला दारुड्यांसाठी एक कोठडी. पोराचा जन्म नोंदवायला, जमीन घ्यायला, लग्न लावायला आणि दंड भरायला गावानं एकाच दारातून यायचं. सरकारला ती नकोशी झाल्यावर गावानं ती पदरात घेतली आणि घराघरांच्या माळ्यांवरचं सामान आणून भरली. जमीन खात्याच्या खोलीत जुनं स्वयंपाकघर मांडलं. कोर्टात लग्नाचे पोशाख. आरोपीच्या पिंजऱ्यात एक नवरी उभी केलेली होती. तिच्यासमोर आलेला प्रत्येक नवरा 'जन्मठेप झाली बिचारीला' या थाटाचा विनोद करायचा आणि मी प्रत्येक वेळी हसायचे. ते पगारात धरलेलं होतं.

मी तिकडे पोहोचले ती नवऱ्यामुळे. शिरीषला हॉर्नबीच्या एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी मिळाली आणि पुण्यात अकाउंट्स बघणारी मी, ख्राइस्टचर्चच्या त्या सपाट उपनगरात खिडकीतून ट्रक मोजत बसले. एक दिवस वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. संग्रहालय समितीचा अध्यक्ष ग्रॅहम, निवृत्त मेंढपाळ, त्यानं मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "तुला जुन्या वस्तूंचा कंटाळा येतो का?" मी म्हटलं, "माझ्या सासरी कुणी काही टाकतच नाही." तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे तिकडचं 'झकास'. "सोमवारपासून ये."

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे बसून राहायचं काम. खरं तर ते घर सांभाळण्याचंच काम आहे, फक्त उलटं. घरात आपण डाग काढतो, तिथे डाग जपायचे. घरात भांडं लख्ख असलं तर सुगरणीचं कौतुक, तिथे भांडं लख्ख झालं तर समितीची तातडीची बैठक. पितळेवर वर्षानुवर्षं चढलेली तपकिरी साय म्हणजे त्या वस्तूचं वय. ती पुसली, की कालच्या दुकानातलं आणि दीडशे वर्षांपूर्वीचं भांडं सारखंच. म्हणून धूळ झटकायची तीही मऊ कुंचल्यानं, आणि पॉलिशची बाटली इमारतीत आणायचीच नाही. लोकरीच्या कपड्यांना कसर लागली, की ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायचे. थंडीनं अळ्या मरतात. आमच्या चहाच्या खोलीतल्या फ्रीजरमध्ये सॉसेज रोलच्या शेजारी कुणाच्या तरी पणजीचा लग्नातला परकर पडलेला असे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वस्तूबरोबर तिची गोष्ट हवी. गोष्ट नसलेली वस्तू आम्ही नम्रपणे परत करायचो.

आपले लोकही कधीमधी येत. टूरच्या बसमधून उतरलेले एक पुणेकर काका सगळ्या खोल्या हात मागे बांधून हिंडले आणि काउंटरशी येऊन म्हणाले, "हे सगळं फार तर दीडशे वर्षांचं. आमच्या घरचा पाटा याच्या दुप्पट जुना आहे." मी विचारलं, "मग कुठे ठेवलाय?" काका म्हणाले, "गॅलरीत. त्यावर कुंडी आहे." काकूंनी त्यांना हळूच बाहेर नेलं.

एकदा एक वयस्क माओरी गृहस्थ आले. त्यांच्या भाषेत 'किया ओरा' म्हणून मला नमस्कार केला आणि थेट जमीन खात्याच्या खोलीतल्या मोठ्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले. साऱ्या परिसराचे चौकोन पाडून, त्यांवर नावं घातलेला तो नकाशा. मग त्यांनी मला शांतपणे विचारलं, "या चौकोनांच्या आधी इथे जे होते, ते कुठल्या खोलीत आहेत?" ते जिन्याखालच्या एका कपाटात होते. मी त्यांना तिथे नेलं, तेव्हा मला मान वर करवेना. त्यांनी वाचायला होतं तेवढं वाचलं आणि मला विचारलं, मी कुठली. इंडिया म्हटल्यावर म्हणाले, "मग तुला सांगायला नको." मी त्यानंतर समितीच्या दर बैठकीत तो विषय काढत राहिले. मी नोकरी सोडली, तोवर कपाटाची एक भिंत झाली होती, खोली काही झाली नव्हती. त्याची खंत अजून आहे.

पण मला सांगायचं आहे ते आयलीनबद्दल.

आमच्याकडे पगारी माणूस मी एकटीच. बाकी सगळे गावातले म्हातारेकोतारे, आठवड्यातला एकेक वार वाटून घेतलेले. आयलीन बुधवारची. ऐंशी ओलांडलेली, उंच, काटकुळी, कार्डिगनची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. येताना परसातल्या लिंबांची पिशवी भरून आणायची आणि चहाच्या खोलीत ठेवायची, ज्याला हवीत त्यानं न्यावीत. मग जमीन खात्यातल्या त्या स्वयंपाकघरात, लोखंडी चुलीशेजारी जाऊन उभी राहायची. खुर्ची दिली तरी बसायची नाही.

चुलीवर एक मोठं पितळी पातेलं होतं. जॅम करायचं. आपल्या कढईसारखं पसरट, वर बादलीसारखी कडी. ते तिच्या आजीचं. त्याच्या तळाशी एक काळा डाग होता, चंद्रकोरीसारखा, जाड, भाजून पितळेत मुरलेला. बघणारे आले, की आयलीन त्यांना पातेल्यात वाकून बघायला सांगायची.

"माझी आजी प्लमचा जॅम करत होती," ती सांगायची. "तेव्हा घोड्यावरून एक माणूस आला. तिचा थोरला मुलगा मेंढ्या घेऊन नदी ओलांडत होता. वर डोंगरात पाऊस झालेला, इथे कुणाला कल्पना नाही. नदीनं घोडा परत दिला, मुलगा दिला नाही. आजी पातेल्याशी उभी होती ती तशीच बाहेर चालत गेली. जॅम चुलीवरच राहिला. हा तो जॅम."

एवढंच. आवाज चढवायची नाही, डोळे पुसायची नाही. पण दंगा करणारी शाळेची पोरंसुद्धा तिथे गप्प व्हायची. त्या काळी इथल्या नद्यांनी इतकी माणसं गिळली, की नदीत बुडणं हेच इथलं मरण, असं म्हणत. भिंतीवरच्या माहितीत ते आम्ही लिहिलंही होतं. पण ते वाचून कुणाला काही होत नसे. त्या डागाकडे बघून व्हायचं.

त्या वर्षी आमच्या घरी दुःख होतं. माझे सासरे मिरजेला वारले. शिरीष धावत गेला, दिवस केले आणि येताना आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बरोबर घेऊन आला. तिकडे त्या एकट्या कशा राहणार? या घाईत एक गोष्ट राहून गेली. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं, की माहेरचं कुणीतरी येऊन मागे राहिलेल्या बाईला गोडाचा घास भरवतं. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. तो घास पोटात गेला, की मग घरात गोडधोड करायला, सणवार करायला मोकळीक. आईंचा भाऊ, मिरजेचे मामा, दिवाळीच्या आधी येणार होते. आईंचं विमान त्याआधीच निघालं.

त्यामुळे आमच्या हॉर्नबीच्या घरात दुखवटा तसाच राहिला. दिवाळी आली आणि गेली, चिवडासुद्धा नाही. आई गोडाला शिवत नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर तिखटालाही फारशा शिवत नव्हत्या. अर्धी भाकरी, दोन घोट ताक, की झालं. दिवसभर खिडकीशी. रडल्या मात्र एकदाही नाहीत. मी म्हटलं, "आई, मी भरवते की गोड. झालं, निघाला दुखवटा." त्या म्हणाल्या, "तू सासरची. तुझ्या हातानं कसा निघेल?" शिरीष कारखान्यात लपून मफिन खायचा, त्याच्या शर्टावरच्या चुऱ्यावरून मला कळायचं.

सोमवारी संग्रहालय बंद असे. तो झाडलोटीचा दिवस. एका सोमवारी मी आईंना गाडीत घालून बरोबर नेलं. साडी, त्यावर शिरीषचं जाकीट, पायात मोजे आणि स्पोर्ट्स शूज. चहाच्या खोलीत बर्फ काढायला फ्रीजर उघडला आणि त्यांना तो परकर दिसला.

"अगं बाई, हे काय?"

मी कसरीचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परकर फ्रीजरमध्ये ठेवतात, आणि अंधश्रद्धाळू म्हणे आपण!"

आणि हसल्या. मी कित्येक महिन्यांनी तो आवाज ऐकला. त्यानंतर त्या दर सोमवारी माझ्याआधी तयार होऊन बसायला लागल्या. मी शिकवलं तसं कुंचल्यानं खुर्च्यांची धूळ काढायच्या, फडकी धुवायच्या. वस्तूंशी बोलायच्यासुद्धा. "काय गं, किती राबलीस," असं एका शिवणयंत्राला म्हणताना मी त्यांना ऐकलं. आयलीनशी त्यांची गाठ पडायचं कारण नव्हतं, ती बुधवारची. आणि पातेल्याची गोष्ट सांगणं हा आयलीनचा मान होता. तिच्या माघारी आम्ही कुणीच ती सांगत नसू.

पुढे एका सोमवारी कोर्टाच्या खोलीत छत गळत होतं. पत्रेवाला आला, त्याच्याबरोबर मी माडीवर गेले. नवरीला पिंजऱ्यातून बाहेर काढून कोरड्या जागी नेईपर्यंत बराच वेळ गेला. खाली आले तर जिन्यातच लिंबाचा वास आला. ताज्या, पिळलेल्या लिंबाचा.

आई चहाच्या खोलीतल्या सिंकशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, हाताला मीठ, बाजूला लिंबाच्या सालींचा ढीग आणि तारेचा काथ्या. त्यांनी ते पातेलं दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरलं. देव्हाऱ्यातल्या समईसारखं झळकत होतं.

"बघ!" त्या म्हणाल्या. "चिंच मिळाली नाही, लिंबावर भागवलं. तळाला काय जळलं होतं गं! हात भरून आले. कुणी मेलं घासलंच नव्हतं इतकी वर्षं. आतून कल्हई पण पार गेलीय, ती मात्र तुम्हाला करून घ्यावी लागेल."

त्यांच्या गालांवर रंग आला होता. मी आत डोकावले. तळ पिवळाजर्द, कोरा. मी नुसतं "बसा तुम्ही, दमला असाल," म्हटलं आणि ग्रॅहमला फोन लावायला बाहेर गेले.

ग्रॅहम आला, पातेल्यात पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "आयलीनला आजच सांगायला हवं," एवढंच म्हणाला. मी राजीनामा देते म्हटलं, तर म्हणाला, "वेडेपणा करू नकोस. पण तुझ्या आईला आता इथे आणता येणार नाही. समिती ऐकणार नाही."

आयलीन तासाभरात आली. आई तिथेच कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून समजलं होतं. आयलीननं पातेल्यात हात घातला आणि जिथे डाग होता तिथे अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग कोपऱ्यातल्या आईंकडे पाहिलं. साडी, जाकीट, मिठानं लाल झालेले हात.

"हिनं?"

"हो," मी म्हटलं. "यांना गोष्ट माहीत नव्हती, आयलीन."

"नाही, कशी असेल," आयलीन म्हणाली. तिनं कोट चढवला. ते पातेलं तिनं संग्रहालयाला दिलेलं नव्हतं, मांडायला म्हणून ठेवलेलं होतं. आमच्याकडे बऱ्याच वस्तू अशा होत्या. तिनं ते काखोटीला मारलं आणि गेली. बुधवारी ती आली नाही.

त्या संध्याकाळी मी आईंना सगळी गोष्ट सांगितली. घोडा, नदी, मुलगा, जॅम. आई पाटावर बसल्यासारख्या ताठ बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला तिच्याकडे घेऊन चल."

"आई, थोडे दिवस जाऊ द्या."

"काय जाऊ द्या? दुसऱ्याच्या घरचं मरण घासून टाकलं मी. दिवस कसले जाऊ देतेस?"

त्या शनिवारी गेलो. गावाबाहेर नदीच्या रस्त्यावर तिचं घर, फाटकाशी प्लमची जुनी झाडं, हिरवी बारीक फळं धरलेली. आयलीननं दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. आईंनी हात जोडले आणि मराठीत बोलायला लागल्या. मी इंग्रजीत सांगत गेले. माझं चुकलं, मला माहीत नव्हतं, मी तुझी फार मोठी वस्तू मोडली. इथवर सोपं होतं. मग आई म्हणाल्या, "आणि हिला हेही विचार, की तिच्या आजीचं ते पातेलं कुणीच का घासून दिलं नाही? आमच्यात माणूस गेलं, की दहाव्याला घरातलं भांडं न् भांडं घासतात. शेजारणी येऊन घासतात. त्या दिवसाचं जळकं भांडं तसंच ठेवलं, तर मागे राहिलेल्या बाईनं पुढे रांधायचं कशात?"

एवढं मी इंग्रजीत केलं नाही. हे सांगितलं तर जखमेवर मीठ, असं मला वाटलं.

"सांग," आई म्हणाल्या. "नुसतं सॉरी-सॉरी करू नकोस. सगळं सांग."

सांगितलं. आयलीन दाराची कड धरून उभी होती. ती आमच्यामागच्या झाडांकडे बघत होती.

"आजीनं पुन्हा कधी जॅम केला नाही," ती म्हणाली. "माझ्या आईनंही नाही. दर वर्षी ही झाडं वाकायची आणि फळं खाली पडून सडायची. आम्ही मुलं दुकानातला जॅम खायचो. घरात साखर उकळलेली चालायची नाही. हे मी पाहुण्यांना कधी सांगितलं नाही." मग थांबून म्हणाली, "मला आज आणखी काही बोलवणार नाही. पण ती स्वतः आली, हे बरं केलं." आणि दार लावलं.

त्यानंतर बुधवारमागून बुधवार गेले. चुलीवर पातेल्याची जागा रिकामी, तिथे ग्रॅहमनं एक कार्ड ठेवलं, 'वस्तू सध्या मांडलेली नाही.' आयलीनची गोष्ट ऐकायला म्हणून मुद्दाम येणारे लोक हिरमुसून जात. मी दर बुधवारी दाराकडे बघायचे आणि मला आतून तुटायचं; त्या खोलीत उभं राहणं हाच त्या बाईचा आठवडा होता, आणि तो आमच्या घरानं हिरावून घेतला होता. इकडे सोमवारही गेले होते. आई परत खिडकीशी बसल्या. आता अर्धी भाकरीही उरायला लागली. शिरीष मिरजेच्या तिकिटाची चौकशी करू लागला. "आईला इथे नाही मानवत गं," तो म्हणायचा.

फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, एका शनिवारी आमच्या दारात एक जुनी गाडी येऊन थांबली. आयलीन उतरली. पत्ता तिनं ग्रॅहमकडून घेतला होता. गाडीच्या मागच्या सीटवर, फडक्यात गुंडाळलेलं पातेलं, आणि डिकीत बादल्या भरून प्लम.

"भरलं, की हे मला एकटीला उचलवत नाही," ती मला म्हणाली. "आणि जॅम कसा करतात हे मला माहीत नाही. शेजारणीनं सांगितलंय, पण मला कुणीतरी बरोबर हवंय. तुझ्या आईला विचार, येईल का."

ऐंशी ओलांडलेली, इथल्या खेड्यात वाढलेली बाई, आणि जन्मात जॅम केलेला नाही! आईंना सांगितलं तेव्हा त्या खिडकीशीच होत्या. उठल्या, पदर खोचला आणि पातेल्याचं फडकं काढून आत पाहिलं.

"यात?" त्या म्हणाल्या. "कल्हई नाही याला. आंबट फळ यात कळकेल. विषबाधा व्हायची हिला."

मी आयलीनला सांगितलं. तिचं म्हणणं, जॅमच्या पातेल्याला कधीच कल्हई नसते, भरपूर साखर घालून भरभर उकळायचा आणि लगेच काढायचा, सगळा देश असाच करत आलाय. आईंचा विश्वास बसेना. दोघी पातेल्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून आपापल्या भाषेत भांडल्या, आणि मी मध्ये. शेवटी आई म्हणाल्या, "कर म्हणावं. पण तिच्याआधी मी चाखणार. व्हायचं ते मला होऊ दे." हे मी आयलीनला सांगितलं नाही.

प्लम चिरले. बिया काढल्या. पातेलं आमच्या शेगडीवर मावेना, शिरीषनं अंगणात गॅसचा बार्बेक्यू लावून दिला. साखर आयलीननं स्वतः ओतली. फसफसून फेस वर आला, तशी ती एक पाऊल मागे सरकली. आईंनी झारा तिच्या हातात दिला आणि तिचा हात धरूनच ढवळायला लावलं. झाला की नाही, यावरून पुन्हा वाद. आयलीन गार बशीत थेंब टाकून बोटानं ढकलून बघत होती. आई दोन बोटांत धरून तार काढत होत्या. आयलीन म्हणाली झाला, आई म्हणाल्या अजून दोन उकळ्या. आई जिंकल्या, म्हणून तो जॅम पुढे इतका घट्ट झाला, की कापून खावा लागला.

गॅस बंद केला. आयलीन पातेल्यात वाकून बघत होती.

मग तिनं बशीतला जॅम चमच्यात घेतला, फुंकर घातली आणि तो चमचा सरळ आईंच्या तोंडाशी नेला. "तू आधी," ती म्हणाली. "तू घासलंस."

गोड. आईंनी चाखायचं म्हटलं होतं खरं, पण ते त्या जीभ लावून थुंकणार होत्या. आता चमचा दुसऱ्या कुणाच्या हातात होता. शिरीषनं माझ्याकडे पाहिलं. आयलीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती चमचा धरून उभी होती, लहान मुलीला भरवावं तशी, खाली दुसरा हात धरून, सांडू नये म्हणून.

आईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

घास गिळला आणि त्यांना रडू फुटलं. मिरजेला फुटलं नव्हतं ते. अंगणातल्या खुर्चीवर बसून, पदर तोंडात धरून त्या रडल्या, आणि आयलीन शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काय झालं ते तिनं विचारलं नाही. थोड्या वेळानं तीही रडायला लागली. मी आणि शिरीषनं बरण्या भरल्या.

संध्याकाळी आयलीन गेल्यावर आईंनी मिरजेला फोन लावायला सांगितला. मामांनी उचलला. आईंचा आवाज बसलेला होता, पण मोठा होता. मला पलीकडचंही ऐकू येत होतं.

"अरे, उद्या इथे शिरा करतेय. शिरीषला किती दिवस झाले खाऊन. तू आता यायची घाई करू नकोस. दुखवटा निघाला माझा."

"निघाला?" मामा म्हणाले. "पण तो माहेरच्या माणसानं काढायचा असतो, अक्का. तिकडे तुझं माहेरचं कोण आहे?"

"आहे एक," आई म्हणाल्या. "आयलीन नाव तिचं."